कोल्हापूरला कुणाकडे?

गोंदिया स्टेशनवर रोज सकाळी एक गाडी उभी असते आणि तिच्या डब्यांवर कोल्हापूर लिहिलेलं असतं. महाराष्ट्र एक्सप्रेस. राज्याच्या एका टोकाहून निघते, पार दुसऱ्या टोकाला पोचते, चोवीस तासांहून जास्त घेते आणि एवढ्या वेळात एकदाही राज्याबाहेर चाक टाकत नाही. मी कामासाठी नागपूरला जाताना बऱ्याचदा हीच गाडी पकडते, दोन-अडीच तासात उतरून जाते. उतरताना दरवेळी डब्यातल्या बसून राहिलेल्या लोकांचा जाम हेवा वाटतो, कारण उद्या दुपारी ते तिथं असणार.

यंदा दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटी नागपूरला उतरलेच नाही.

निघायच्या आधी सगळ्यांचा एकच प्रश्न, कोल्हापूरला कुणाकडे? सासूबाईंनी विचारलं, स्टाफरूममध्ये विचारलं, रिक्षावाल्यानं पण. आता काय सांगायचं? माहेर गोंदियाचं, सासर पण गोंदियाचंच. कोल्हापुरात ना काका ना मामा ना गुंठाभर जागा. एमएस्सीला शिवाजी विद्यापीठात गेले होते, मग शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये नोकरी लागली, राजारामपुरीत खोली घेऊन काही वर्षं राहिले, मग बाबा आजारी पडले म्हणून परत आले आणि इथल्या कॉलेजात चिकटले. एवढंच. पण अजून जुलै लागला की मी रोज सकाळी आमच्या वैनगंगेच्या आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघते. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. नवरा म्हणतो तुला काय करायचंय, तिकडचे लोक बघतील ना. बघतील, पण मला पण बघायचं असतं.

सोमवार, गाडीत

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अकोल्यापर्यंत कापूस, भुसावळला अंधार, मनमाडनंतर झोप. ज्यांना हा मार्ग करायचाय त्यांनी एसी थ्री टियर घ्या आणि दोन वेळचं जेवण घरून न्या, नाहीतर दिवसभर समोशावर राहावं लागतं. आणि खालचा बर्थ मिळाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्यानंतर खिडकी सोडू नका, कारण तिथून पुढं नुसता ऊस आणि ऊस.

समोर भिलवडीचे एक आजोबा होते, बडनेऱ्याला लेकीकडे जाऊन परत निघालेले. त्यांनी पण विचारलंच. मी म्हटलं कुणी नाही हो, मैत्रिणी आहेत, एक मित्र आहे. ते जरा वेळ माझ्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "मंग हाय की कोणतरी. कुणी न्हाई काय म्हंतीस?" आणि मला घरच्या लेकीनं बांधून दिलेली शंकरपाळी दिली.

मंगळवार

मिरज सुटलं की पोटात कालवायला लागतं. जयसिंगपूर, हातकणंगले, मग रुकडीच्या पुलावरून खाली पंचगंगा. नोव्हेंबरची असल्यानं शांत होती.

स्टेशनवर आमचा पैलवान आलेला. पैलवान म्हणजे अंगानं काडी, आयुष्यात कधी लाल मातीत पाय ठेवला नाही, पण कोल्हापुरात ज्याला त्याला पैलवान म्हणायची पद्धत आणि याला ते चिकटलं ते चिकटलं. आमच्या फाउंड्रीत मशिनशॉपला होता, आता उद्यमनगरात स्वतःची दोन लेथ टाकलीयेत. एवढ्या वर्षांनी भेटतोय, मला वाटलं काहीतरी बोलेल. तर म्हणे, "आलीस व्हय? बस मागं. काकू जेवायच्या थांबल्यात."

काकू म्हणजे आमच्या मेसच्या काकू. मेस बंद केलीय आता, गुडघे दुखतात, फक्त चार-पाच पोरांचे डबे देतात. मेसला सगळ्या पोरी भाकरी मागायच्या आणि मी एकटी भात. आमच्या गोंदियाकडे भाताशिवाय जेवण म्हणजे जेवणच नाही, काय करणार. त्यामुळे काकूंनी माझं नावच भातवाली ठेवलेलं, खरं नाव त्यांना बहुतेक कधी माहीतच नव्हतं. दार उघडलं आणि आत वळून ओरडल्या, "अवो, भातवाली आली!" काका आतून, "कुकर लाव की मग!"

मी त्यांच्यासाठी चिन्नोर तांदूळ नेलेला, भंडाऱ्याचा, जीआय मानांकन मिळालेला. काकूंनी मूठभर हातात घेतला, वास घेतला, दातानं एक दाणा फोडला. "बरा हाय वास. पण आमच्या आजऱ्याच्या घनसाळाची सर न्हाई." मी म्हटलं काकू आधी शिजवून तर बघा. "शिजवतो की, शिजवायला काय. पण सर न्हाई म्हंजे न्हाई." (दुसऱ्या दिवशी काकांनी तीनदा घेतला असं कळलं.)

संध्याकाळी रंकाळा. तिसरी आमची वकीलीण, तिच्याकडेच मी उतरणार होते, लॉज करते म्हटलं होतं तर फोनवर शिव्या खाल्ल्या. ती साडेसातला आली, काळा कोट हातावर टाकलेला. "सॉरी गं, मी आलो असतो स्टेशनवर पण बोर्ड संपंना." तिची गंमत अशी की आधी हायकोर्टाचं मॅटर असलं की रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून मुंबई गाठायची, त्यामुळे वेळ नसायचा. चाळीस वर्षांहून जास्त मागणी चालली, वकील रस्त्यावर उतरले, शेवटी १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालं, सहा जिल्ह्यांसाठी, सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. आणि आता हायकोर्ट दारात आलंय म्हणून वेळ नाही! सिंधुदुर्गाहून पक्षकार येतात, सोलापूरहून येतात, आणि पहिला प्रश्न विचारतात की मॅडम जेवायला चांगलं कुठं मिळतं.

भेळ खाल्ली, चालत अर्धा रंकाळा केला. पूर्वी पूर्ण चक्कर मारायचो. पैलवानाच्या टाचा दुखतात म्हणे.

बुधवार, त्रिपुरी पौर्णिमा

तारीख मी मुद्दाम ही धरलेली. त्रिपुरीला पहाटे पंचगंगा घाटावर दीपोत्सव असतो, आणि गुरुनानक जयंतीची सुट्टी म्हणून वकीलीणपण मोकळी. साडेतीनला उठलो. ज्यांना जायचंय त्यांनी गाडी लांबच लावा, गंगावेशीच्या पुढं गाडी न्यायचा नादच करू नका, चालत जा. स्वेटर न्या, नदीवर गार वारं असतं.

हजारो पणत्या असतात. पायऱ्यांवर, दगडी दीपमाळांवर, पाण्यातल्या लहान लहान देवळांवर. रांगोळ्या काढणाऱ्या पोरी आदल्या रात्रीपासून बसलेल्या. मी फोन काढून उभी होते तर एका मावशींनी सरळ हातात तेलाची बाटली दिली. "नुसतं बघाय आलायसा व्हय? धरा, वतत चला." मग मी ओतत आणि मागून त्यांचा नातू पेटवत असं आम्ही दीड-दोन तास केलं. वारा आला की अख्खी ओळ विझायची, पोरगं न कंटाळता परत पहिल्यापासून. नाव-गाव कुणीच कुणाला विचारलं नाही. उजाडायला लागलं तेव्हा माझ्या ड्रेसला, बॅगेला, केसाला सगळीकडे तेल.

हीच देवळं पावसाळ्यात पूर्ण पाण्याखाली असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचावन्न फुटांच्या वर पाणी गेलं होतं, शिरोलीजवळ हायवेच बंद पडलेला, म्हणजे शहरात ना दूध येतंय ना पेट्रोल. मी तेव्हा गोंदियात. दिवसभर बातम्या लावून बसलेले आणि पैलवानाला फोन केला, लागेना, लागेना, दुसऱ्या दिवशी लागला तर म्हणतो, "पाणी हाय जरा." जरा! त्याच्या मामाचं घर प्रयाग चिखलीला, पत्र्यापर्यंत बुडालेलं, हा मामीला आणि म्हशींना काढायला गेला होता. हे मला काल काकूंकडून कळलं, इतक्या वर्षांनी. विचारलं का नाही सांगितलंस, तर, "तू तिकडनं काय दोरी टाकणार होतीस?"

सातला मिसळ. इथं पर्यटकांसाठी थोडं. कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस येतात. कट, म्हणजे तिखट रस्सा, वेगळा मागितला की मिळतो. उद्यमनगरातली फडतरे, कसबा बावड्यातली बावडा मिसळ ही नावं सगळ्यांना माहीत आहेत, रविवारी तिथं रांग असते म्हणून मधल्या वारी सकाळी लवकर जा. पण प्रत्येक कोल्हापूरकराची मिसळ वेगळी असते आणि तो ती सोडून बाकी सगळ्यांना नावं ठेवतो, तेव्हा कुणाच्या घरी उतरला असाल तर वाद घालू नका, तो नेईल तिथं जा.

रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर. म्हैस समोर, धार थेट पेल्यात, फेस ओठाला. बाहेरच्या माणसाला हे जरा जड जातं, मला पहिल्या वर्षी दोन दिवस पोट धरून बसावं लागलेलं. आता बिनधास्त. (तरी लहान मुलं सोबत असतील तर दूध उकळूनच द्या.)

गुरुवार

वकीलीण कोर्टात, पैलवान कामावर. मी एकटी. खरं सांगते, हा दिवस मला फार जड गेला. सकाळी विद्यापीठात गेले. १९६२ चं विद्यापीठ, एवढं मोठं आवार, मोर अजून आहेत, मुख्य इमारतीसमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा तसाच. डिपार्टमेंटला गेले तर ओळखीचं एक पण माणूस नाही. लॅबमधल्या पोरीनं विचारलं, "मॅम, कोण पाहिजे?" मी म्हटलं कोणी नाही, बघायला आले. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि परत आपल्या टायट्रेशनला लागली, बरोबरच आहे, एंड पॉइंट चुकला असता तिचा.

तिथून केएमटीच्या बसनं गावात आणि चालत खासबागेकडे. केशवराव भोसले नाट्यगृह बघायचं होतं. बघायचं पण होतं आणि नव्हतं पण.

शाहू महाराजांनी बांधलेलं हे थिएटर, १९१५ चं, आधी नाव पॅलेस थिएटर. शेजारी खासबाग मैदान, ते पण महाराजांचंच, १९१२ चं. म्हणजे एका भिंतीच्या अलीकडे नाटक आणि पलीकडे कुस्ती, आणि कोल्हापूरचा माणूस दोन्हीकडे सारख्याच शिट्ट्या मारणार. आम्ही पगार झाला की सगळ्यात मागची तिकिटं काढायचो. पैलवान नाटकाच्या पहिल्या अंकात झोपायचा आणि दुसऱ्या अंकात रडायचा, हे त्याला कसं जमायचं देव जाणे.

८ ऑगस्ट २०२४ ला रात्री आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती. मला गोंदियात रात्री व्हिडिओ आला, वकीलिणीनं पाठवलेला, खाली काहीच लिहिलेलं नाही. छतातून ज्वाळा. मी फोन केला तर ती बोलेचना, नुसता मागचा लोकांचा आवाज, अग्निशमनच्या गाड्या, कुणीतरी म्हातारा माणूस मोठ्यानं रडत होता. बाजूला नवरा विचारतोय काय झालं, कोण गेलं? कोण गेलं म्हणून सांगू?

आता तिथं पत्रे लावलेत, आत काम चालू आहे, जुन्या दगडी भिंतींना धरून परत उभारतायत. बाहेरच्या वॉचमनला म्हटलं जरा डोकावू का, तर म्हणाला, "न्हाई ताई, साहेब ओरडत्यात." मग स्वतःच पत्र्याची फट दाखवली. फटीतून लोखंडाचे खांब आणि सिमेंटची पोती दिसली. आणि कुणीतरी कामगार आत मोबाईलवर गाणं लावून काम करत होता. मला आपलं बरं वाटलं, आत आवाज आहे म्हणून.

समोर राजाभाऊंची भेळ खाल्ली. तीन दिवसांत दुसऱ्यांदा भेळ. असू दे.

रात्री चौथी मैत्रीण पुण्याहून आली. ती इथलीच, शिवाजी पेठेतली पक्की, पण नवऱ्याच्या आयटीमुळे पुण्यात. हायवेच्या कामामुळे सहा तास लागले तिला, शिव्यांची यादी घेऊनच आली.

शुक्रवार, वाडी आणि खिद्रापूर

पैलवानानं एका दिवसासाठी लेथ बंद ठेवली आणि मित्राची ओम्नी आणली. आधी नरसोबाची वाडी, जिथं पंचगंगा कृष्णेला मिळते. पुरात इथं पाणी थेट देवळात शिरतं आणि दक्षिण दारातून बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, लोक त्यात स्नानाला येतात. म्हणजे पुराचा पण सोहळा करणारी माणसं ही. दर्शन, बासुंदी, कवठाची बर्फी. बर्फी जास्त घ्या, गाडीतच संपते.

पुढं कुरुंदवाडवरून खिद्रापूर, कृष्णेच्या काठाला. कोल्हापूरपासून साठेक किलोमीटर. टिप अशी की गावात जेवायची फार सोय नाही, वाडीतच खाऊन घ्या, पाणी सोबत ठेवा, आणि दुपारी बारा-एकच्या सुमाराला पोचा, का ते सांगते.

कोपेश्वराचं देऊळ १२ व्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं. सती नंदीवर बसून माहेरी दक्षाच्या यज्ञाला गेली आणि परत आलीच नाही, म्हणून कोपलेला महादेव हा, आणि म्हणूनच इथं पिंडीसमोर नंदी नाही. बाहेरून सगळीकडून हत्तींची रांग, देऊळ पाठीवर घेतलेली. पण खरी गोष्ट म्हणजे स्वर्गमंडप. ४८ खांब, आणि छताला मधोमध गोल मोकळं आभाळ. दुपारी तिथून ऊन खाली गोल शिळेवर पडतं. आम्ही गेलो तेव्हा अगदी मध्यावर नव्हतं, जरा सरकलेलं, पण खांबांवरचं एकेक नक्षीकाम त्यात उठून दिसत होतं. तिथले एक आजोबा म्हणाले परवा पौर्णिमेला रात्री पाय ठेवायला जागा नव्हती, चंद्र वर आल्यावर बघायला लांबलांबची माणसं. आज आम्ही तिघं, एक शाळेची सहल आणि दोन कुत्री.

खांबाला टेकून बसलो. पुणेवाली बोलायला लागली की तिला चार तासांवर असून पण करमत नाही, रविवारी सकाळी उठल्यावर कसं होतं, मटणाचा वास नाही, पेठेतली पोरं स्टेडियमला निघालेली नाहीत, मॅच कुणाची म्हणून भांडण नाही. मी पण माझं सुरू केलं, गाडीवरची पाटी वगैरे. आम्ही दोघी एकमेकींना सांगतोय, डोळे भरलेत, मस्त चाललंय.

पैलवान खाली मान घालून नखानं फरशीवर रेघा मारत होता. मग म्हणाला, "तुमचं बरं हाय."

काय बरं आहे?

"तुम्ही लांब हायसा म्हणून तुम्हाला आठवण येती. सगळी इचारत्यात, कवा जाणार, कवा आलीस. मी हितंच हाय. मला कोण इचारतंय? रोज त्याच रस्त्यानं जातोय, काकूंच्या दारावरनं जातोय, तुमच्या खोलीच्या खालनं जातोय, तिथं आता कोचिंग क्लास झालाय. मला पण त्येच कोल्हापूर पायजे तुमच्यासारखं. पण मी कुठल्या गाडीत बसू?"

कुणी काही बोललं नाही. सहलीची पोरं ओरडत होती, हत्ती मोजायची स्पर्धा लागलेली त्यांची. इतकी वर्षं मला वाटत होतं की आठवणीचं काम फक्त माझ्याकडे, ते तिथं मजेत आहेत, सगळं त्यांच्याकडेच राहिलंय. आम्ही एकेक करून निघून गेलो तेव्हा स्टेशनवर सोडायला प्रत्येक वेळी हाच होता. प्रत्येकीची ट्रंक यानंच उचललेली.

पुणेवाली म्हणाली, "भावा, रडवतोस काय?" तो म्हणाला, "न्हाई, भूक लागलीय." वाडीत येऊन परत बासुंदी खाल्ली.

शनिवार

पैलवानाच्या मामांकडे प्रयाग चिखलीला, तेच पत्र्यापर्यंत बुडालेलं घर, आता वरचा मजला चढवलाय. तिथून जवळ एका गुऱ्हाळावर. दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू होतात, पूर्वी चहूकडे धूर दिसायचा, आता ती कमी होत चाललीत, कामाला माणूस मिळत नाही आणि ऊस कारखान्याला जातो. पण जे आहे ते बघायलाच पाहिजे. रस मोठ्या काहिलीत, खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ, भेंडीच्या पाण्यानं मळी वर येते ती काढायची. गुळव्या म्हणजे तिथला राजा, रस किती आटला ते तोच ठरवणार, पाण्यात थेंब टाकून बोटानं चाचपतो. मी आपलं केमिस्ट्रीचं विचारायला गेले, तापमान किती असतं वगैरे. तो म्हणाला, "ते आमच्या बोटाला म्हाईत."

मग काहील वाफ्यात ओतली की उसाच्या कांड्यानं ताजा गरम गूळ खायचा. जीभ भाजते, सांगून ठेवते.

घ्यायचा असेल तर गुऱ्हाळावरूनच घ्या आणि पिवळाधमक शोधू नका, जरा काळपट तांबूस असतो तो घ्या. काकवीची बाटली मात्र प्रवासात प्लास्टिकमध्ये डबल गुंडाळा. आणि चप्पल घ्यायची असेल तर शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनला, पायाला जरा घट्टच घ्या, वापरून सैल होते, तेल लावा, पाण्यात घालू नका.

रविवार

रविवारी किरणोत्सव होता. ९ नोव्हेंबरला अंबाबाईच्या पायांवर मावळतीची किरणं, मग पुढच्या दिवसांत वर वर सरकत जातात, आणि जानेवारीच्या शेवटी परत. त्यामुळे महाद्वार रोडला जायचा विचारच सोडला, दर्शन मी गुरुवारी दुपारी घेतलं होतं. गर्दी नको असेल तर मधल्या वारी दुपारी जा, तासाभरात होतं.

रविवारचं मुख्य काम मटण. पैलवानाच्या घरी. सकाळी सातलाच तो रांगेत उभा. कुठला भाग आणला यावर त्याच्या आईनं त्याला सगळ्यांसमोर झापला. आम्ही चौघं, काकू-काका, मामा-मामी, शेजारचे दोघं जे कोण होते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आधी अळणी पेल्यात, मग पांढरा, मग सुकं, मग तांबडा, आणि तांबडा वाटीनं प्यायचा, भातावर घ्यायची वेळ येईपर्यंत पोट भरलेलं असतं. आईंनी माझ्यासाठी वेगळा भात लावलेला, मोठं पातेलं. "भातवालीला कमी पडाय नको." म्हणजे हे नाव अख्ख्या राजारामपुरीत पसरलंय.

चटणीचा डबा पण बांधून दिला, वर्षाची घरची, दोन किलो. मी म्हटलं आई एवढी कोण खाणार आमच्याकडे. त्या म्हणाल्या, "खातील. सवय लाव."

जेवून सगळे सतरंजीवर आडवे. वकीलीण झोपेत पण काहीतरी मायलॉर्ड मायलॉर्ड बडबडत होती, ते पुणेवालीनं रेकॉर्ड करून ठेवलंय, पुढच्या वेळी केस हरली की पाठवणार आहे.

सोमवार

दुपारची गाडी. वकीलीण लंचमध्ये पळत आली, कोट घालूनच, स्टेशनवरचे लोक बघायला लागले कोणाला अटक झाली म्हणून. सामानात गूळ, काकवी, चटणी, बर्फी (एकच पुडा उरलेला), चपला आणि काकूंनी दिलेला दोन किलो घनसाळ. "शिजवून बघ आन् खरं काय ते सांग," अशा सूचनेसह.

ट्रॉली बॅग पैलवानानं उचलली. मी म्हटलं चाकं आहेत तिला. तो म्हणाला, "असू दे."

खिडकीत उभं राहून मी पक्कं सांगितलं की आता तुझी पाळी, ही गाडी उलटी पण जाते, गोंदियापर्यंत, एकदा बस. नागझिरा दाखवते, नवेगावचा तलाव दाखवते, आमची भाताची शेतं दाखव‌ते. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी, तेव्हा सगळेच या. पुणेवाली लगेच तारखा बघायला लागली. पैलवान जरा वेळ डब्यावरची पाटी वाचत होता, मग माझ्याकडे बघून एकदम सिरियसली विचारलं,

"येतो की. पण तिकडं मटण बरं मिळतंय न्हवं?"